पांढऱ्या धारेवरचा उरलेला दिवस

संध्याकाळी मेंढरं मोजली तर दोन जास्ती भरली. कमी भरायची मला सवय होती, लांडगा होताच; जास्ती भरायची नव्हती. काठी टेकून उभी राहिले, तर मागून आवाज आला, "ती दोन माझी हाईत."

वळून पाहिलं. खांद्यावर घोंगडी, पायांवर चुनखडीची पांढरी धूळ.

"कशावरून?"

"कान बघ की. डावा कातरलाय."

"मग त्यांनाच इचारा, कावून आली हिकडं."

"इचारलं," तो म्हणाला. "म्हनली, हिकडं बरं वाटतंय."

मी हसू दाबलं... पण ते काही दबलं नाही.

तो धुळाजी. त्याचं दहा माणसांचं फिरतं बिऱ्हाड डोंगराच्या पलीकडं उतरलं होतं. मी सत्यभामा. अठराव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून बापाजवळ, आबाजवळ. आबाचं कंबरडं मोडलेलं, तो खोपटात पडून असे. निजामाच्या राज्यात आमच्या त्या डोंगरमाथ्याच्या पांढऱ्या धारेला कुणी विचारत नव्हतं. एकदा जमीन मोजणारे पैमाइशवाले साखळ्या घेऊन आले, टोकाला एक दगड रोवला आणि गेले, तेवढीच माणसं. दिवसभर मी मेंढरांशी बोलायची. ती उत्तर देत नाहीत, हे मला रोज नव्यानं कळायचं.

आता रोज पाण्यावर धुळाजी भेटू लागला. महिन्याभरात त्यानं विचारलंच. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात वावगं काही नव्हतं. पण त्याच्या आईनं गोदाकाठी एक पोरगी बघून ठेवली होती. दिवाळी झाली की बिऱ्हाड उठणार, त्याआधी त्याला माझं उत्तर हवं होतं.

"देते," मी म्हणाले. "पन आदी एक दिस मला ही धार चालायचीय. ह्या टोकापासून त्या टोकापतुर. मेंढरांबिगर."

"मेंढरांबिगर चालून करायचं काय?"

"तेच बघायचंय."

आठ दिवस आम्ही बेत आखला. खडकावर खडे मांडायचो... हा पाण्याच्या टाक्याचा खडा, हा खिंडीचा. दिवस उगवताना निघायचं. टाक्यापाशी न्याहारी. खिंडीत दुपारची भाकर. दिवस मावळायला पैमाइशीच्या दगडापाशी. मेंढरं त्याचा थोरला भाऊ सिदू सांभाळणार.

"आनि उत्तर?"

"दगडापाशी. दिस मावळल्यावर."

उत्तर माझं ठरलेलं होतं — नाही. आबाला उचलून बिऱ्हाडाबरोबर नेता येत नव्हतं, आणि दोघा भावांवर चालणारा त्यांचा कळप धुळाजी मागं राहिला तर मोडला असता. अंधार पडल्यावर सांगितलं की त्याचं तोंड बघावं लागणार नाही, एवढा माझा हिशेब.

निघालो. टाक्यापाशी पोचलो तर दगडावरचं दंव वाळलं नव्हतं. खिंडीत आलो, भूकच नव्हती. आणि पैमाइशीच्या दगडाला हात लावला तेव्हा ऊन डोक्यावरही आलं नव्हतं.

आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. सगळा बेत मेंढरांच्या चालीनं आखला होता. चालायला लागल्यापासून दोघांनीही कुठलीच लांबची वाट कळपाशिवाय धरली नव्हती. आपले पाय किती भरभर जातात हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

"आपुन दोगंबी लई येडे," धुळाजी हसला. मग हसायचा थांबला. "सांग मग आता."

"दिस मावळल्यावर ठरलंय."

त्यानं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. "न्हाई हाय ना?"

"तवर इचारू नका."

"आनि तवर—?"

मी खाली बघितलं. "तवर तुमचीच हाय मी."

त्या दुपारी त्यानं माझ्या टाचेतला काटा काढला, आणि काटा निघाल्यावरही पाय लवकर सोडला नाही. ऊन लागायला लागलं तेव्हा काठीवर घोंगडी टाकून सावली केली. नवरा गेल्यापासूनच्या दोन वर्षांत बोलले नव्हते तेवढं मी बोलले, आणि मधेमधे तो नुसता "मग?" म्हणायचा. कुणीतरी मला "मग?" म्हणत होतं. मी इतकी सुखी कधीच नव्हते, आणि मावळतीकडं बघायची मला हिंमत होत नव्हती.

दिवस मावळला. मी ठरल्याप्रमाणं बोलले. "मला आबाला सोडून येता येत न्हाई."

त्यानं घोंगडी झटकली, खांद्यावर टाकली.

"कळलं. आईला सांगतो, त्या पोरीचं जमव म्हनून." दोन पावलं गेला, थांबला. "पन सत्यभामा... माजं लगीन आज दुपारीच झालं, हे त्या पोरीला कसं सांगू?"

तो त्या अंगानं उतरला, मी या अंगानं धार धरून एकटी परत आले.

आबा जागाच होता. "झाली का चालून धार?" त्यानं विचारलं. "कशी हाय?"

मी चुलीपाशी बसले, त्याच्याकडं पाठ करून.

"लई लहान हाय, आबा."