मॅग्नेटो काढल्यानंतर

माझ्या आठवणीवर किती विश्वास ठेवावा, हे मला आता नक्की सांगता येत नाही. आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, पुराव्याशिवाय बोलू नये ही सवय हाडात भिनलेली आहे. पण या हकिगतीतला बराचसा पुरावा माझ्याच डोक्यात आहे, आणि ते डोकं आता ऐंशीच्या पुढे गेलंय. तरी सांगतो. कुठे चुकलं, तर ते माझंच चुकलं असेल.

भोपाळला साकेत नगरात आमच्या घरामागे पत्र्याची शेड होती. तिच्यात माझी मॅचलेस उभी असायची. इंग्लंडात बनलेली मोटरसायकल, माझ्यापेक्षा थोडीच लहान. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. तिच्या नटांना आजचे पाने बसत नाहीत, जुने इंची पाने जपून ठेवावे लागतात. सुरू करण्याआधी कार्ब्युरेटरवरची छोटी कळ दाबत राहायची, बोटाला पेट्रोल लागेपर्यंत, मग किक. किल्ली नाहीच. ठिणगी येते मॅग्नेटोतून. तो आहे तोवर बॅटरीचीही गरज नाही, आणि तो नसेल तर गाडी म्हणजे नुसतं लोखंड. इंजिनाखाली ऑइलचे थेंब झेलायला एक जुना ट्रे कायम ठेवलेला. माझी बायको सुनंदा म्हणायची, "तुमची मडम परत रडतेय. तिचे डोळे पुसा, मग चहाला या."

रविवारी सकाळी आम्ही दोघं मोठ्या तलावापर्यंत जायचो, पोहे-जिलेबी खाऊन परत यायचो. सुनंदा गेल्यावर मी एकटा जाऊ लागलो. दाढी करून घराबाहेर पडायला तेवढंच एक कारण उरलं होतं. मागची सीट रिकामी असली की ही गाडी वळणावर जरा वेगळी वागते. मला तरी तसंच आठवतं.

काही वर्षं अशी गेली. मग एका जानेवारीत, बुधवार असावा, ऑइलची पातळी बघायला म्हणून दुपारी शेडमध्ये गेलो. वाकताना हात सायलेन्सरला लागला आणि मी तो झटकन मागे घेतला. सायलेन्सर तापलेला होता.

सकाळपासून मी घरातच होतो. निदान मला तसं वाटत होतं.

संध्याकाळी शेजारची प्रतिभा भाजी घेऊन आली. मूळची नागपूरची, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स. आमच्या शेजारी ती नुकतीच राहायला आली होती, सुनंदाला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं.

"काका, आज तर एकदम बढिया मूडमध्ये होता तुम्ही. तलावाजवळ मी बसमधून हात हलवला, तर बघितलंच नाही."

"आज?"

"मग काय, मागच्या जन्मी? आणि स्वेटर घालत जा जरा. एवढ्या ठंडीत नुसता शर्ट..."

मी हसलो. ती गेल्यावर बराच वेळ दिवा न लावता बसून राहिलो. माझ्या वडिलांना शेवटी शेवटी स्वतःचं घर ओळखू येत नव्हतं. माझीही तीच सुरुवात झाली, असं मी धरून चाललो.

असं आणखी काही वेळा झालं. प्रतिभाने न राहवून पुण्याला माझ्या मुलाला, आशिषला, फोन केला. तो लगेच आला.

"बाबा, गाडी घेऊन कधी गेलात हेच आठवत नसेल, तर उद्या घराचा पत्ताही आठवणार नाही."

"पत्ता पाठ आहे अजून. पिनकोडसकट."

"मस्करी नको. माझ्याकडे चला."

"इथे तुझ्या आईची..." पुढचा शब्द मला सापडला नाही.

त्यालाही बहुतेक तो ऐकायचा नव्हता. शेवटी असं ठरलं की घर सुटायचं नाही, गाडीही राहील, पण मॅग्नेटो आशिष घेऊन जाईल. त्यानंतरही काही झालं, तर मी मुकाट्याने पुण्याला. मीच पाने काढून दिले, काय कसं सोडवायचं ते सांगितलं. त्याने मॅग्नेटो टॉवेलात गुंडाळून बॅगेत भरला. सिलिंडरमागे एक रिकामी जागा उरली.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आता चूक होणं शक्यच नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात, एका ढगाळ दुपारी, प्रतिभा ड्युटीवरून परतली ती सरळ माझ्या दाराशी. मी दार उघडलं तर माझ्याकडे बघतच राहिली.

"काका... तुम्ही घरीच?"

"मी कुठे जाणार?"

"आत्ता रस्त्यावर... मी ऑटोत होते. तुम्ही आमच्या बाजूनेच गेलात." तिनं आवाज खाली आणला. "मागे एक बाई बसल्या होत्या, एका बाजूला पाय सोडून. तुम्ही काहीतरी म्हणालात आणि दोघं हसलात."

मी तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघितलं.

"माझीच नजर चुकली असेल. डबल ड्युटी झाली ना," असं म्हणत ती घाईने निघून गेली.

मला भीती वाटायला हवी होती. पण आधी वाटला तो मत्सर. तो जो कोणी होता, तो एकटा नव्हता.

मी शेडमध्ये गेलो, दाराला आतून कडी लावली आणि स्टुलावर बसलो. बाहेर धुकं उतरायला लागलं होतं. पत्र्यांच्या फटींतून येणारा उजेड राखाडी होत गेला. हॉस्पिटलच्या दिशेने एक अँब्युलन्स ओरडत गेली, मग सगळं शांत. गाडी समोर उभी होती, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ. ऑइल, जुनं रबर, थंड लोखंड... नेहमीचा वास. त्यात हळूहळू ताज्या पेट्रोलचा वास मिसळायला लागला.

मग लांबून आवाज आला. एका सिलिंडरचा, संथ. तो मी कुठेही ओळखेन. गल्लीच्या तोंडाशी गिअर बदलला, फाटकाशी वेग उतरला, आणि शेडच्या दाराबाहेर येऊन इंजिन बंद झालं.

माझ्यासमोरच्या गाडीतून टिक... टिक... असा आवाज येऊ लागला. तापलेलं लोखंड निवताना करतं तसा.

दाराबाहेर माझा आवाज म्हणाला, "सावकाश उतर. पाय भाजेल."

चपला जमिनीला लागल्या. आणि मग सुनंदाचा आवाज, अगदी दबका, "अहो... आत कोणी बसलंय का?"

"असतो तो," माझा आवाज म्हणाला. "कायमच असतो... तू बघू नकोस."

दार जरासं हललं. मी उठलो नाही, हाकही मारली नाही. एवढंच आठवतं की मी श्वास रोखून धरला होता, परक्या घरात शिरलेल्या माणसासारखा.

बाहेर पडलो तेव्हा अंगणात कोणी नव्हतं. मी आशिषला फोन लावला.

"ये, मला घेऊन जा."

"काय झालं? परत गाडी...? बाबा, मॅग्नेटो माझ्या कपाटात आहे."

"माहीत आहे मला. तरी ये."

मी पुण्याला आलो. त्या दिवसाबद्दल आशिषने कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मॅचलेस नागपूरच्या सौरभ नावाच्या, जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका तरुणाने नेली. इंजिन उघडायला त्याला सवड मिळाली ती कितीतरी वर्षांनी.

"काका, तुम्ही ही शेवटपर्यंत चालवत होता म्हणालात ना?" त्याने फोनवर विचारलं.

"दर रविवारी."

तो म्हणाला, "सिलिंडर आतून गंजून पिस्टन त्यात चिकटलाय. हातोड्यानेसुद्धा हलत नाही."

ते दोन्ही तसेच पाठवून दे, असं मी त्याला सांगितलं. धातू कसे गंजतात, हाच माझा शिकवण्याचा विषय. जगात एवढ्या एकाच बाबतीत मी स्वतःवर शंका घेत नाही. माझा जुना विद्यार्थी विनायक इथे पुण्यात प्रयोगशाळा चालवतो. सिलिंडर कापून आम्ही दोघांनी तो गंज सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. प्रत्येक पावसाळ्याचा थर वेगळा दिसत होता. थर आधी त्याने मोजले, मग मी मोजले, आणि गाडी विकल्यानंतरची वर्षं वजा केली. आमचं उत्तर एकच आलं.

सुनंदा गेली त्या पावसाळ्यापासून हे इंजिन एकदाही फिरलेलं नव्हतं.