शलाकाच्या चित्रातलं बंद दार

पाणी कधीच ओसरलं होतं. बोगद्याचा तडा बुजवला होता, दारही नवं होतं. मग त्या दारापाशी आलं की शलाकाचे पाय जागच्या जागी का खिळत?

समुद्रतळावरच्या वसाहतीत सगळ्यांना हेच कोडं पडलं होतं. बोगद्यात पाणी शिरलं तेव्हा शलाका आत एकटी अडकली होती. आणि पाणबुडीकडे जायला तोच एक रस्ता. वर किनाऱ्यावर तिची आई होती, अजून न पाहिलेला तान्हा भाऊ होता. आजची पाणबुडी चुकली, तर पुढची वादळं सरल्यावरच.

"मी नाही येणार! दार फुस्स करतं आणि पाणी येतं!" शलाका दारापासून मागे सरली.

"सेन्सर कोरडे आहेत," पिट्टू म्हणाला. माहिती दिली की भीती पळते, असं या भल्या यंत्रमानवाला वाटे.

तिचे आजोबा मेंदूतज्ज्ञ. त्यांनीच तिला रोज चित्र काढायला सांगितलं होतं. निळंशार पाणी, रंगीत मासे बघून पोरगी सावरतेय म्हणून ते खूश होते. आज ती दाराशी पुन्हा अडली, तेव्हा मात्र त्यांना त्या चित्रांची शंका आली.

"शलाका, हे मासे तू काढलेस?"

"नाही. पिट्टू माझी चित्रं नीट करतो."

"काळे फराटे पुसतो," पिट्टू अभिमानानं म्हणाला. "चित्र सुबक होतं."

"अरे शहाण्या, ते फराटेच तर हवे होते!" आजोबा कडाडले. मग ते शलाकाजवळ जमिनीवरच बसले. "ऐक. मेंदूत भयकेंद्र (धोका दिसताच अंगाला सावध करणारा, बदामाएवढा भाग) असतं. माणूस फार घाबरला की आठवण सलग साठत नाही, तिचे तुकडे होतात. आवाज, गारवा, अंधार. ते सगळं संपलं, हे त्या तुकड्यांना ठाऊकच नसतं. म्हणून फुस्स झालं की भयकेंद्राला वाटतं, आत्ताच पाणी येतंय."

"मग चित्रानं काय होतं?"

"तुकडे कागदावर येतात. शब्द लिहिले की ओळीनं लागतात. याला अभिव्यक्ती-उपचार (मनातलं चित्रांत आणि शब्दांत उतरवत बरं होणं) म्हणतात. पण कागदावर तुझ्या मनातलं उतरायला हवं, पिट्टूच्या नव्हे. नको वाटलं तर लगेच थांबायचं."

पाणबुडीचा भोंगा वाजला. शलाकानं काळा खडू उचलला. गळ्यापर्यंत पाणी. बंद दार. खाली तिनं लिहिलं, 'मी हाका मारल्या. कोणी आलं नाही.' तिथे खडू थांबला. तिला रडू फुटलं.

रडू ओसरल्यावर आजोबांनी हळूच विचारलं, "मग?"

शलाका दचकली. त्या 'मग'पर्यंत ती कधी पोचलीच नव्हती. तिनं दुसरा कागद ओढला. उघडं दार काढलं, दारात चिंब भिजलेले आजोबा काढले. 'मग दार उघडलं,' तिनं लिहिलं. 'पाणी संपलं. मी वाचले.'

ती उठून दाराशी गेली. फुस्स! तिचे डोळे गच्च मिटले. भीती काही एका चित्रानं जात नसते. अजून कितीतरी कागद काळे करायचे होते, आणि ते किनाऱ्यावर, आईशेजारी बसून करता येणार होते.

"भीती वाटतेय," तिनं पहिल्यांदाच सांगितलं. मग हात पुढे केला. "आजोबा, घट्ट धरा. पण ओढू नका."

आणि ती स्वतःच निघाली.