आबांच्या हाताचं कलम

सिग्नल हिरवा झाला, शेजारची गाडी निघूनही गेली, तरी ओवी शेलार स्टिअरिंग धरून शांत बसून होती. बाजूला बसलेले परीक्षक मुलाणी साहेब आधी सिग्नलकडे बघत राहिले, मग तिच्याकडे.

“बाई, हिरवा आहे.”

“दिसतोय साहेब.”

“मग अडलंय कुठं?”

“पाय निघत नाही,” ओवी रडकुंडीला येऊन म्हणाली. “कंडक्टरनं घंटी मारली नाही अजून.”

त्या इवल्याशा गाडीत कंडक्टर कुठून यायचा? मुलाणी साहेबांनी एक सुस्कारा सोडला आणि तिला नापास केलं. ओवी दुसऱ्यांदा आपटली होती. तिसऱ्यांदा आपटलं की वर्षभर परीक्षेचं नाव काढायचं नाही, असा नियम. वाघजाईवाडीच्या दवाखान्याची गाडी चालवायची नोकरी तिला हाताशी आलेली दिसत होती, पण दवाखाना काही वर्षभर तिच्यासाठी थांबणार नव्हता.

आता ही भानगड काय ते नीट सांगायला हवं. ज्या काळातली ही गोष्ट, त्या काळात गाड्या आपल्या आपण चालत. माणसानं आत बसायचं, गावाचं नाव सांगायचं आणि खुशाल घोरायचं. पण घाटातल्या काही रस्त्यांवर दरडी कोसळतात, दर पावसाळ्यात रस्ता थोडा इकडचा तिकडं होतो. तिथं या शहाण्या गाड्या पहिल्याच वळणावर हात टेकत. म्हणून तेवढ्यापुरते हातचालक, म्हणजे स्वतःच्या हातापायांनी गाडी चालवणारे लोक, अजून लागत होते. त्यांना शिकवणार कोण? ड्रायव्हिंग स्कूलं बंद पडून जमाना झाला होता. त्यावर उपाय निघाला तो कलमाचा.

तुम्ही सायकल चालवता तेव्हा तोल कसा सांभाळायचा याचा विचार करता का? नाही करत. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तो हे काम परस्पर उरकतो. अशा मुरलेल्या कौशल्याची मेंदूत एक ठरावीक वीण असते. मुरलेल्या ड्रायव्हरच्या डोक्यावर टोपी चढवायची, त्याला गाडी चालवायला लावायची, ती वीण टिपून घ्यायची आणि शिकणाऱ्याच्या मेंदूत झोपेत थोडी थोडी उतरवायची. आठवडाभरात शिकणारा गाडी अशी चालवतो की जन्म त्यातच गेला असावा. आंब्याचं करतात तसंच, म्हणून नाव पडलं कलम.

ओवीनं कलम घेतलं होतं ते तिच्या वडिलांचं. आबा, म्हणजे महिपत शेलार, उमेदीची सगळी वर्षं घाटात लाल एसटी चालवलेला माणूस. गाडीला कधी ओरखडासुद्धा नाही. तिनं दुसऱ्या कुणाचं कलम कशाला घ्यायचं?

दुसऱ्या परीक्षेनंतर बापलेक कलमकेंद्रात डॉक्टर केतकी वर्टीकरांसमोर बसले, तेव्हा बाईंना हसू आवरत नव्हतं.

“पूर्वी शिकाऊ लोक कशानं नापास व्हायचे माहितीये? आरशात बघायचे नाहीत, चढावर गाडी मागं सरकू द्यायचे, वळताना इंडिकेटर विसरायचे. हिच्यात यातली एक चूक नाही. हिच्या चुका बघा. डावीकडं वळायच्या आधी उजवीकडं चांगली ढांगभर जाते.”

“मागं एवढं लांब धूड असतंय, डॉक्टरबाई,” आबा म्हणाले. “तसं नाही घेतलं तर मागचं चाक गटारात.”

“हिच्या गाडीला धूड नाही, आबा. बरं, प्रत्येक बसथांब्यावर ही थांबते.”

“म्हातारीकोतारी उभी असतात.”

“आणि समोरून काही मोठं आलं की स्टिअरिंगवरचा हात काढून सलाम ठोकते. परवा कचऱ्याच्या गाडीला ठोकला.”

“ड्रायव्हरनं ड्रायव्हरला हात केला न्हाई तर रस्त्याला माणुसकी कसली?” आबा जरा फुगूनच बोलले. ओवीला हसावं की रडावं कळेना.

“एवढ्या खोडी छाटून टाका ना,” ती म्हणाली. “बाकीचं राहू द्या.”

वर्टीकर बाई गंभीर झाल्या. “ते जमत नाही. आबा गाडी आणि या सवयी वेगवेगळ्या नाही शिकले. वीण एकच आहे. एक धागा ओढला तर अख्खा स्वेटर उसवतो. पण दुसरा मार्ग आहे. हे कलम पुसायचं आणि प्रमाण कलम घ्यायचं.”

प्रमाण कलम म्हणजे परीक्षेच्या नियमावलीत एकही चूक न करणाऱ्या एका चालकाचं कलम. तो माणूस कोण, कुठला, ते कुणाला सांगत नसत. ज्यानं ते घेतलं तो पास, यात आजवर खंड पडला नव्हता. नव्या हातचालकांपैकी जवळजवळ सगळे तेच घेत होते.

“सगळ्यांना एकच?” आबांनी विचारलं.

“सगळ्यांना सर्वोत्तम,” बाई म्हणाल्या.

घरी चहा घेताना आबाच म्हणाले, “घेऊन टाक ते दुसरं. माझं काय घेऊन बसलीस? माझा हात माझ्यापाशी हाय की.”

“तुम्हाला वाईट वाटतंय.”

“वाटतंय. खोटं कशाला बोलू? पण नोकरी गेली तर जास्त वाटंल.”

ओवीनं प्रमाण कलम घेतलं. जुनं पुसलं गेलं त्या सकाळी तिला हात रिकामे झाल्यासारखे वाटले आणि ती थोडा वेळ रडलीसुद्धा. पण तिसरी परीक्षा काय झाली म्हणता! आरसा, इंडिकेटर, वळण, चढ, सगळं कसं चोख. मुलाणी साहेबांनी खाली उतरून तिच्याशी हात मिळवला. आबांनी गल्लीत पेढे वाटले आणि ज्यानं ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, की गाडीचं वेड रक्तातच असावं लागतं.

नोकरीच्या पहिल्या दिवशी आबा हौसेनं शेजारच्या सीटवर बसले. त्यांचा जुना परवाना अजून चालू होता, तो त्यांनी उगाच खिशात ठेवला होता. वाघजाईवाडीहून पाय मोडलेले एक रामोशी आजोबा तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला मागं झोपवले आणि गाडी घाट उतरू लागली. ओवी सुरेख चालवत होती. आबांनी दोनदा खोड काढायचा प्रयत्न केला, पण काढायला जागाच मिळेना. शेवटी म्हणाले, “माझ्यापेक्षा बरी चालवतीस,” आणि त्यांना ते मनापासून वाटलं.

मधल्या खिंडीत रस्ता अरुंद आहे. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीनं दोन चाकं डांबरावरून खाली मातीत, साइडपट्टीला उतरवायची, म्हणजे दुसरी निघून जाते. घाटातलं पोर न पोर हे जाणतं. समोरून भाजीचा टेम्पो आला. ओवी थांबली. तोही थांबला. जरा वेळानं ओवी निघाली, त्याच क्षणी तोही निघाला. दोघंही थांबले. पुन्हा तेच.

“अगं, उतरव की खाली,” आबा म्हणाले.

“उतरवते.”

पण तिच्यानं उतरवेना. तिनं स्टिअरिंग डावीकडं वळवायला घेतलं की रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीशी हात आपोआप सरळ व्हायचे. परीक्षेत पट्टीबाहेर चाक गेलं की नापास. ज्या माणसाचे ते हात होते, त्यानं आयुष्यात कधी पट्टी ओलांडली नव्हती.

टेम्पोवाला खाली उतरून आला. तरणाताठा मुलगा, घामानं निथळलेला. “ताई, तुम्हीच घ्या ना खाली. माझ्यानं होईना झालंय.”

“प्रमाण कलम?” ओवीनं विचारलं.

त्यानं मान डोलावली.

त्या दिवशी वाघजाईवाडीचा आठवडी बाजार होता. टेम्पोमागं जीप येऊन थांबली, जीपमागं दुधाची गाडी, ओवीच्या मागंही तीन-चार. सगळ्यांनी मधे सारखंच अंतर सोडलं होतं. कुणी डोकं बाहेर काढून ओरडत नव्हतं, कुणी हॉर्नसुद्धा वाजवत नव्हतं. विनाकारण हॉर्न वाजवणं हीही परीक्षेतली चूकच. घाटात एवढ्या गाड्या तुंबलेल्या आणि पाखरांचा आवाज ऐकू येतोय, असं आबांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांना भीती वाटली.

मागून आजोबांनी विचारलं, “मोठा दवाखाना आला का गं पोरी?”

“सरक,” आबा म्हणाले.

ओवी सरकली. आबा स्टिअरिंगवर बसले, दोन चाकं धडधडत मातीत घातली, झाडाच्या फांद्या काचेवर ओरबाडत गाडी तिरकी झाली आणि टेम्पोच्या अंगाला अंग न लावता पुढं निघाली. जीप मागं पडली, दुधाची गाडी मागं पडली. प्रत्येक ड्रायव्हर त्यांच्याकडं बघून अदबीनं हसत होता. रांग संपल्यावर मोकळा रस्ता लागला. आजोबांनी मागून शाबासकी दिली. ओवीलाही हसू फुटलं.

“मानलं तुम्हाला, आबा.”

आबा हसले नाहीत. ते आरशात बघत होते. त्यांची गाडी गेली होती, पण मागची एकही हलली नव्हती. टेम्पो आता त्यांच्यामागच्या गाडीसमोर अडून उभा होता. दोघं निघत होते, थांबत होते, पुन्हा निघत होते.

“ओवी,” आबांनी विचारलं, “मी अजून किती वर्षं पुरणार गं?”