पावडरीवरची काळी रेघ

बाबांच्या गॅरेजात आम्ही तिघंही वर पाहत उभे होतो. लिफ्टवर उचललेल्या जुन्या गाडीच्या पोटातून एक थेंब आपल्याच वजनाने लांबत गेला, सुटला आणि खालच्या पुठ्ठ्यावर पडला. आधीच्या थेंबांशेजारी त्याने आपला काळा गोल काढला; मग पुन्हा काही ऐकू येईना.

बाबा नुकतेच म्हणाले होते, "इंजिनाचं मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. सील मागवायचं, ते यायचं, बसवायचं… बारा दिवस धरा."

गाडीचा मालक माझ्याकडे पाहत होता. सोमवारी त्याला सहा तासांच्या अंतरावरच्या शहरात जुन्या ग्रंथांच्या दुरुस्तीच्या कामावर रुजू व्हायचं होतं. आणि त्याच्या आईने निक्षून सांगितलं होतं, हे घर सोडीन तर ह्यांनी मागे ठेवलेल्या गाडीतून. नाहीतर तू जा, मी इथेच बरी. आईला एकटं टाकून तो जाणार नव्हता. म्हणजे शनिवारपर्यंत गाडी झाली नाही, तर ती नोकरी जाणार होती आणि तो… राहणार होता.

मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं.

गप्प राहणं इतकं सोपं आणि इतकं मोहाचं मला कधी वाटलं नव्हतं. आणखी एक थेंब लांबू लागला. तो पडण्याआधीच मी म्हणाले, "मला नाही वाटत सील गेलंय."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग काय गेलंय?"

"अजून माहीत नाही. शनिवारपर्यंत शोधून काढते."

"आज गुरुवार आहे," बाबा म्हणाले आणि आपल्या खुर्चीकडे गेले.

तीन महिन्यांपूर्वी तो पहिल्यांदा आला, तो गाडी घेऊन नव्हे. काखेत पुठ्ठा घेऊन. रस्ता चुकलेल्या माणसासारखा दारात उभा राहिला. पुठ्ठ्यावर तेलाचे अकरा डाग होते आणि प्रत्येकाशेजारी बारीक, देखण्या अक्षरांत तारीख. "हे किती गंभीर आहे?" त्याने विचारलं. इतकं टापटीप दुखणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. गाडी आणा, असं मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी गाडी आली. पण "आज घाई आहे, तेल तेवढं घाला" म्हणत तो गेला, आणि मग दर चौथ्या दिवशी त्याच घाईत येत राहिला. "आले तुमचे थेंबवाले," बाबा आतून ओरडायचे. तो पुस्तकं बांधायचा. बोटांना खळीचा वास, बोलण्यात मोठमोठ्या मोकळ्या जागा… आणि निघताना एकदा मागे वळून पाहण्याची सवय.

त्या गुरुवारी मात्र त्याला घाई नव्हती.

"ब्रश द्या," तो म्हणाला. "घासायचंच आहे ना? ते मला येतं."

"दुकान?"

"बंद केलं. शेवटचं पुस्तक काल गेलं."

दुपारभर आम्ही इंजिन धुतलं. वर्षानुवर्षांचा चिकटा निघाला, धातूचा मूळ करडा रंग वर आला. मी त्याला सांगत होते की तेल जिथून टपकतं तिथूनच गळत असेल असं नाही. ते वर कुठेतरी निसटतं, कडेकडेने उतरतं, वाऱ्याने मागे सरकतं आणि भलत्याच जागी थेंब होऊन लोंबतं. खालचा थेंब पाहून सील बदलणं म्हणजे उशी भिजली म्हणून तिची खोळ बदलण्यासारखं.

"आणि रडणारं माणूस तसंच," तो म्हणाला.

मी ब्रश उगाच जोरात फिरवला.

शुक्रवारी सकाळी मी पावडरीचा डबा घेऊन आले, तेव्हा तो दारातच होता.

"ही… चेहऱ्याला लावायची?"

"तीच."

"गाडीला दाखवायला नेणार आहात?"

"पसंत पडली तर आजच उरकून टाकू."

तो हसला. मी इंजिनावर पावडर भुरभुरवली. झाकणाच्या कडा, मागचा अंधारा कोपरा, गिअरबॉक्सची पाठ, सगळं पांढरं झालं. मग आम्ही गाडी बाहेर काढली. टेकडीच्या चढावर मी तिला दुसऱ्या गिअरमध्ये दमवली. तो शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखा. खिडकीतून येणाऱ्या उन्हात त्याच्या बाहीवरची पावडर चमकत होती. ती झटकावी असं माझ्या हाताला फार वाटलं. हात स्टिअरिंगवरच राहिला.

परत येऊन बॉनेट उघडलं. हाताएवढा आरसा मागच्या कोपऱ्यात धरला, बॅटरीचा झोत टाकला आणि ती दिसली. पांढऱ्यावर उमटलेली केसाएवढी काळी रेघ. इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या मागच्या टोकाकडून निघाली होती, भिंतीला धरून उतरत थेट गिअरबॉक्सच्या पाठीवर. सील कोरडं होतं.

"सापडलं," मी म्हणाले. "वरच्या झाकणाखालचं पॅकिंग, गॅस्केट. दुपारचं काम."

"म्हणजे उद्या…"

"म्हणजे उद्या."

त्याने आरशात पाहिलं. आरशात रेघ होती आणि तिच्या कडेला माझा अर्धा चेहरा. तो नेमकं काय पाहत होता, कोण जाणे.

पण माझं मन भरलं नव्हतं. ते गॅस्केट बाबांनी दोनच वर्षांपूर्वी घातलेलं; त्यांनी बसवलेली वस्तू एवढ्यात हार मानत नाही. आतून काहीतरी तिला ढकलत होतं. इंजिनातली कोंडलेली हवा ज्या नळीतून बाहेर पडते, ती मी बोटांनी चाचपत शेवटापर्यंत गेले. टोकाला काहीतरी घट्ट लागलं. ओढून काढलं, तर ते एक बूच होतं, वर चामडं चढवलेलं.

मी ते उजेडात धरलं. चामड्याची कड कागदासारखी पातळ करून आत वळवलेली होती; सांधा शोधूनही सापडत नव्हता.

"हे तुमचं काम."

"कशावरून?"

"आम्ही चिंधीचा बोळा कोंबतो. असली कड आमच्यात कुणी काढत नाही."

त्याचे कान लाल झाले. "आईला त्या धुराच्या वासाने डोकं दुखायचं. नळीतून वास येतोय हे कळलं, म्हणून… बंद केली. नीट बंद केली."

"फारच नीट. इंजिनालासुद्धा श्वास सोडावा लागतो. तोंड दाबून धरलं की आतला दाब वाट शोधतो आणि सगळ्यांत दुबळी शिवण उसवतो."

"म्हणजे तीन महिने मीच…"

"तुम्हीच."

मी कोरडा कपडा शोधायला डिकी उघडली. कपडा होता. त्याच्या शेजारी, पुस्तकांसारखे रांगेत लावलेले, तेलाचे चार डबे होते. आम्ही घालायचो तेच तेल. चारही सीलबंद.

"हे केव्हापासून आहेत?"

त्याने एक डबा उगाच सरळ केला.

"दर चौथ्या दिवशी पाव लिटर तेलासाठी इथवर यायचात. हे घरी ओतता येत नव्हतं?"

"सांडलं असतं."

"पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरं बसवणाऱ्या माणसाच्या हातून?"

"नसतं सांडलं." त्याने मान वर केली. "तुम्ही तेल मोजायची पट्टी पुसून उजेडाकडे धरता आणि एक डोळा बारीक करता. तेव्हा तुम्हाला जगातलं दुसरं काही दिसत नसतं. ते पाहायला यायचो."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला ती फार वेळ ऐकू येत राहिली.

"आणि हे आज सांगताय?"

"उद्या जायचंय म्हणून आज सांगवलं. नाहीतर आणखी चार डबे घेतले असते."

मी झाकणाचे बोल्ट सोडवायला घेतले. "मग आज हे संपायलाच हवं," मी म्हणाले. "जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

जुनं गॅस्केट खरवडून काढलं, कडा पुसल्या, नवं बसवलं. बोल्ट मधून कडेला, थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. एका बाजूने आवळत गेलं की झाकण वाकतं. नळी स्वच्छ केली, लांब केली आणि तिचं तोंड एअर फिल्टरला जोडून दिलं, म्हणजे इंजिनाचा श्वासही अडणार नाही आणि वासही गाडीत येणार नाही. तो घरी गेला तेव्हा चार वाजले होते. जाताना या वेळी तो दोनदा वळला.

बाबांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"मागचं सील गेलं असतं तर क्लच घसरला असता," मी म्हणाले. "गाडी तुम्ही स्वतः चालवत आत आणलीत, बाबा."

"आणली."

"मग गिअरबॉक्स? बारा दिवस?"

"पस्तीस वर्षांत माणसाचं एखादं निदान चुकू नये?"

"तुमचं चुकत नाही."

"नाही चुकत." ते कपात पाहत राहिले. "म्हटलं, मिळाले पोरीला बारा दिवस तर मिळाले. तर तू हातातोंडाशी आलेला घास उचलून परत ताटात ठेवलास."

"बिघाडामुळे अडकून पडलेला माणूस मला नकोय, बाबा. चालत्या गाडीतून परत येणारा असेल, तर बघू."

"आणि नाही आला तर?"

"तर गाडी तरी चांगली झाली."

माझ्या कपातला चहा निवला होता. तो बाबांनी स्वतः पिऊन टाकला आणि मला दुसरा गरम करून दिला.

शनिवारी सकाळी गाडी दारासमोर उभी होती, खाली कोरा पुठ्ठा. वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं. पुठ्ठा कोराच राहिला. मागच्या सीटवर त्याची आई, मांडीवर नवऱ्याचा फोटो कापडात गुंडाळलेला.

"वास गेला गं," त्या म्हणाल्या. "डोक्याला शांत वाटतंय."

"नळी फिरवून दिलीय, मावशी."

"ह्याला काही सांगता येत नाही बघ. वास येतो म्हटलं, तर बूच मारून मोकळा. विचारायचं तरी कुणाला."

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणायचं असलेलं सगळं त्याच्या चेहऱ्यावर येत होतं आणि तिथेच थबकत होतं.

"पुन्हा गळली तर?"

"गळणार नाही."

"हो. तीच भीती आहे."

मी पुठ्ठा उचलून त्याच्या हातात दिला. "पाचशे किलोमीटर झाले की झाकणाचे बोल्ट एकदा बघावे लागतात. नवं गॅस्केट बसतं, जरा सैलावतं."

"तिथे कुणी बघून देईल?"

"देईल. कुणीही देईल." माझा आवाज मला परका वाटला. मग मी श्वास सोडला. "पण तू इथे ये."

तो पाहत राहिला. "ये, म्हणालीस?"

"आधी जा. काम धर, आईंचं घर लाव. मग ये. निमित्त नको, डबे नकोत. नुसता ये."

"येतो," तो म्हणाला. एवढंच, पण त्या एका शब्दात या वेळी कुठेच मोकळी जागा नव्हती. गाडीत बसला, दार लावलं, आणि पुन्हा काच खाली केली.

"ऐक ना… ते बूच तरी दे. माझ्या हातचं आहे."

डगल्याच्या खिशात माझी मूठ त्या बुचाभोवती आवळली. चामडं कोमट झालं होतं. मी वळले आणि मूठ खिशातच ठेवून आत चालू लागले.