काठावर घरचं माणूस

आमच्या वाडीची विहीर बेंबळीच्या रस्त्याला, शाळेच्या मागच्या अंगाला आहे. उपसा सोसायटीची विहीर. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात ती खोल करायचं काम चालू होतं, कारण तिच्या तळाला ओल होती आणि बाकीच्या विहिरींत नुसते दगड उरले होते. मी त्या शाळेत शिक्षिका. फळ्यावर लिहितानाही यारीच्या इंजिनाचा आवाज कानावर यायचा, आणि तो थांबला की मुलांच्या आधी माझंच लक्ष खिडकीकडे जायचं.

यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभा केलेला लोखंडी हात. इंजिनावर तार गुंडाळली जाते, तारेला बकेट. सुरुंगानं फुटलेला दगड तिच्यातून वर येतो आणि माणसंही तिच्यातच बसून खाली जातात. इंजिनावरच्या माणसाला विहिरीतलं दिसत नाही, तो काठावरच्या माणसाचं ऐकतो. 'सोड' म्हटलं की सोडायचं, 'वढ' म्हटलं की ओढायचं. आमच्याकडची रीत अशी, की आत जो बसला त्याच्या घरचंच माणूस काठावर उभं राहायचं. परक्याच्या जिभेवर कुणी आपला जीव टांगत नाही.

त्या यारीनं दोन माणसं खाल्ली. आधी वाडीतला कोंडिबा, मग माझा नवरा लिंबाजी. नाव घ्यायला मी लाजत नाही, ते जिवंत होते तेव्हाही लाजत नव्हते. दोन्ही वेळा तार तुटली. दोन्ही वेळा सोसायटीचा चेअरमन महारुद्र यानं ती जोडून घेतली, यारीला लाल रंग दिला, लिंबू-मिरची टांगली आणि काम पुन्हा चालू केलं. लिंबाजी पडले तेव्हा काठावर माझा दीर पिराजी होता. तारेचे पदर उसवताना लिंबाजींना दिसले होते, ते खालून ओरडत होते. महारुद्र पिराजीच्या मागे उभा राहून म्हणाला, "काय व्हत न्हाय, वढ म्हण." पिराजीनं म्हटलं.

पिराजीला मी माफ केलं. घरात तेवढाच एक पुरुष उरला होता, आणि रडून रडून त्याचं तोंड सुजलं होतं. महारुद्रला केलं नाही.  मला भरपाई नको होती, चौकशी नको होती. तो त्या बकेटीत बसलेला मला बघायचा होता.

वैशाखात सोलापूरहून नवी तार आली. बरोबर एक साहेब आला. त्यानं सगळं ठोकून बघितलं, "आता हत्ती बसवा" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वाडी विहिरीवर जमली. शाळेला सुट्टी होती, मीही गेले. खाली जायला कुणी तयार नव्हतं. शेवटी पिराजीनं सदरा काढला, कारण घरात ज्वारी संपत आली होती. मी त्याचा दंड धरून ठेवला.

आधी वाळूची पोती घालून बकेट खाली सोडली, वर ओढली. काही झालं नाही. मग पोती काढून रिकामी सोडली. ती वर येताना मात्र इंजिन कण्हायला लागलं, काळा धूर ओकायला लागलं. इंजिनावर जळकोटचा शांतलिंग होता. इंजिनाच्या दांड्यावरचा हात तसाच ठेवून त्यानं मला विचारलं, "बाई, बकेट रिकामीच हाय न्हवं?"

बकेट रिकामी होती. आतला पत्रा उन्हात चकाकत होता.

"नवी तार ताठ असती," महारुद्र म्हणाला.

मलाही तेच वाटलं. आम्ही धर्म बदलला तेव्हा भूतखेत, नवस, अंगात येणं सगळं मागे टाकून आलो. माझ्या सासऱ्यांनी देव्हारा स्वतःच्या हातानं उचलून नदीत सोडला. त्यामुळे मी डोळे उघडे ठेवून नीट बघत होते. वावटळ आली. लोकांचे पटके उडाले, माझा पदर तोंडावर आला, लिंबू-मिरची यारीवर आपटायला लागली. बकेट हलली नाही. आत माणसं बसली की जशी जडपणे लोंबते तशी ती लोंबत होती.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एवढी भरवशाची आहे तर चेअरमनसाहेबांनी आधी बसावं."

 कुणीही ते हसण्यावारी नेलं नाही, आणि ते महारुद्रला लागलं. त्यानं चपला काढल्या. "बसतो की. म्या काय भितो व्हय?"

"काठावर तुमच्या घरचं कोण?" शांतलिंगनं विचारलं.

त्याचा मुलगा येरमाळ्याला दुकानावर होता. बायको या यारीजवळ फिरकायला तयार नव्हती. महारुद्र सगळ्यांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघून हसला. "बाई हायेत की. बाई शिकल्याल्या हायेत. ऱ्हावा तुमी उभ्या." मी त्याचं काही करणार नाही, याची त्याला खात्री होती. असल्या माणसांना ती नेहमी असते.

मी काठावर गेले. म्हणाले, "सोड."

तो खाली गेला. पांढरी टोपी लहान लहान होत अंधारात गेली. खाली पोचल्यावर त्यानं हाक देऊन सगळं ठीक असल्याचं सांगायचं होतं. हाक आली नाही. थोड्या वेळानं त्याचा हळू आवाज आला, शेजारच्याशी बोलावं तसा.

"सरका की जरा."

पिराजीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "वढ."

इंजिन धुरानं काळं झालं. बकेट इंच इंच वर आली. चौघं मावतील अशा त्या बकेटीत महारुद्र एका कडेला चेंगरून बसला होता. गुडघे छातीशी, खांदे आवळलेले. टोपी डोक्यावर नव्हती. काठाशी येऊन बकेट थांबली तरी तो उठला नाही.

"उतरा," मी म्हणाले.

"आधी ह्यास्नी उतरू द्या, बाई."

"कुणाला?"

 त्यानं शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि चटकन मान खाली घातली.

त्याला हात द्यायला हवा होता. मी दिला नाही. ज्या क्षणासाठी मी जगत होते तो समोर टांगलेला होता, आणि माझ्या तोंडात एकच शब्द होता. मी दात घट्ट आवळले. तो शब्द मी उच्चारला नाही. पिराजी शेजारी होता, त्यानंही तो ऐकला नाही.

तार सुटली.

तुटली नाही. शांतलिंगनं ती सोडली होती, सबंध, एका झटक्यात. खालून आवाज आला. मग काहीच आलं नाही.

"का सोडलीस?" लोक त्याच्या अंगावर धावले.

"सोड म्हनले की!" तो ओरडला. "बाईचा न्हवं, गड्याचा आवाज व्हता. बाईच्या बगलंतनं आला. म्हनला, मुक्ते, तू गप. सोड रं."

मला मुक्ते म्हणणारं एकच माणूस होतं. भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला, हे मी कुणापासून लपवत नाही. त्यांनी ते माझ्या माथी येऊ दिलं नाही, स्वतः केलं. घरी जाऊन मी पोटभर जेवले.

पोलीस आले. तार शाबूत, ब्रेक शाबूत, अपघात म्हणून लिहून गेले. यारी महिनाभर बंद राहिली आणि तिसऱ्यांदा चालू झाली. या वेळी मात्र कुणी कचरलं नाही. ज्याच्यावर राग होता तो गेला, आता यारी कुणाला काही करायची नाही, असं जो तो म्हणत होता. मलाही पटलं. रिकामी बकेट फुलासारखी वर येत होती, वाऱ्यावर झुलत होती. पहिल्या खेपेला पिराजीच बसला. मी काठावर. त्यानं खालून ओली माती मुठीत घेऊन हाक दिली, "वैनी, पानी लागलं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, "वढ."

इंजिन चालू होतं. तार हलली नाही. मी पुन्हा म्हणाले, जोरात.

मागे वळले. शांतलिंग दांड्यावर हात ठेवून बसला होता, मान माझ्या बगलेकडे कललेली.

"वैनी, वढा की," खालून पिराजीचा आवाज आला. "पानी चढाय लागलंय."

"ओढ ना," मी ओरडले.

शांतलिंगनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तेनी अजून वढ म्हनत न्हाईत."