चाचणीचं वाक्य

त्या खांबावरच्या लाल बटनाला आत्ता कोणी हात लावला? हर्ष, तू का? अन् वरून हसतो? इकडं ये, ओट्यावर बस. सगळेच बसा. लाईट यायला टाईम आहे, अन् माझं डोकं तसंही फिरलेलं आहे.

माझा साडू जालन्याला राहतो, त्याचा पोरगा जिनेंद्र. तो चष्मेवाला, मागं दुकानात आल्ता तो. ही बटनं बसवणाऱ्या कंपनीत कामाला होता. बटन दाबायचं, पेटीत बोलायचं, अन् अँब्युलन्सवाल्यांच्या जुन्या कंट्रोल रूममध्ये तुमचा आवाज अन् गावाचं नाव बराबर पोचायचं, असा बेत. पण नव्या मशीनचं जुन्या मशीनशी जमतं का, ते आधी पाहावं लागतं. म्हणून चाचणी.

चाचणीला एक वाक्य ठरवलं होतं. "साप चावला, गाडी पाठवा." गावोगाव तेच. कंट्रोल रूममधल्या माणसाला सांगून ठेवलेलं, हे वाक्य आलं की 'चाचणी यशस्वी' टाकायचं अन् कॉल बंद करायचा, गाडी हलवायची न्हाई. आता सांगा, ही अक्कल कोण्या गाढवाची? आपल्याकडं रानात पाऊल टाकलं की साप, अन् ह्यांना खोटं बोलायला दुसरं वाक्य सापडलं न्हाई.

मंठ्याच्या पुढं एक वाडी आहे. वाडीच्या बाहेर फाट्यावर खांब, अन् खांबाजवळ एकच घर, सोनूबाईचं. म्हातारी एकटी राहायची, पोरगा इकडं एमआयडीसीत. जिनेंद्रनं चाचणीला तिलाच बोलायला लावलं. म्हणाला, "मावशी, बराबर असंच बोला. शब्द इकडचा तिकडं केला तर मशीन घेत न्हाई." म्हातारीनं वाक्य पाठ केलं. वर ह्याला चहा पाजला.

चाचण्या चालूच होत्या, अन् एका रात्री तिला खरंच साप चावला. सरपण काढताना, पायाला. तिनं हिरव्या लुगड्याची चिंधी फाडली, घोट्याच्या वर करकचून बांधली, खांबापर्यंत आली अन् बटन दाबलं. शिकवलं होतं तेच बोलली. शब्द इकडचा तिकडं केला न्हाई.

तिकडच्या माणसानं 'चाचणी यशस्वी' टाकलं.

तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा यशस्वी. सकाळी लोकांना दिसली तेव्हा खांबाला टेकून बसेल होती, तोंड रस्त्याकडं. पोरानं ती चिंधी सोडू दिली न्हाई, तशीच तिच्यासंगं सरणावर गेली. एका बाईच्या मरणाला यशस्वी लिहिलं हरामखोरांनी!

अन् कंपनीच्या मालकानं काय करावं? जिनेंद्रला बोलावलं. म्हणाला, बोभाटा व्हायच्या आत ती पेटी काढून आण, अन् तोंड उघडलं तर घरी बस. बायको पोटुशी, नोकरी पाहिजे होती. गेला हा मुकाट्यानं.

गेल्या साली, कार्तिकातली अमावस्या. रात्रीचे पावणेबारा.

त्यानं खांबावरची पेटी उतरवली. वायर तोडली. बॅटरी काढून स्वतःच्या बाजूच्या सीटवर ठेवली, पेटी मागच्या सीटवर. निघाला. फाटा मागं पडला. मंठ्याचे दिवे दिसायला लागले, अन् मागून खरखर आली...

"साप चावला. गाडी पाठवा."

त्यानं गाडी थांबवली. मागं पाह्यलं न्हाई. बाजूला पाह्यलं. बॅटरी तिथंच होती.

"साप चावला. गाडी पाठवा."

रडणं न्हाई. ओरडणं न्हाई. शिकवलं तसं... बराबर तसंच.

मोबाईल वाजला. कंट्रोल रूम. तोच माणूस.

"जिनेंद्रभाऊ, वाडीच्या खांबावरून कॉल येऊन राह्यला. वाक्य तेच आहे. चाचणी टाकू का?"



मागचं बोलणं थांबलं, नुसती खरखर राह्यली...

हो म्हटलं की सुटला. नोकरी राहिली, घर राहिलं. कोणाला कळणार होतं?

"भाऊ, टाकू का?"

"न्हाई," तो म्हणाला. "ती चाचणी न्हाई. तेव्हा पण नव्हती. गाडी पाठव."

मागची खरखर थांबली.

गाडी गेली. मंठ्याचा कडूबा चालवत होता, त्यानंच हे मंग जिनेंद्रला सांगितलं. फाट्यावर कोणीच न्हाई. नुसता खांब. कडूबानं मागचं दार उघडलं, दोन हाका मारल्या, जरा थांबला, शिव्या घालत दार लावलं अन् माघारी फिरला.

जिनेंद्रची नोकरी सकाळीच गेली. आग लागो असल्या नोकरीला. माझा जीव जळतो तो दुसऱ्याच गोष्टीनं. जित्या बाईला गाडी भेटली न्हाई, मेल्यावर भेटली. अन् तू गंमत म्हणून बटन दाबतो, हर्ष.

दवाखान्यात पोचल्यावर कडूबानं मागचं दार उघडलं. स्ट्रेचरवर हिरव्या लुगड्याची चिंधी पडेल होती. त्यानं उचलून पाह्यली... पायाच्या मापाचा वेढा तसाच गोल.

गाठ सुटलेली नव्हती.