स्टीलच्या चार पट्ट्या

ज्या माणसाने माझ्या कमरेला पहिल्यांदा मापाची टेप लावली, त्याच्याशी मी पहिल्याच मिनिटाला भांडले.

"श्वास सोडा," तो म्हणाला.

"सोडलाय."

"रोखलाय. आणि बघताय असं, जणू तुमची गादी मीच सरकवलीये!"

मग राग काढायचा कुणावर? सलूनमध्ये बेसिनवर वाकून एका बाईचे केस धूत होते, आणि कमरेत अशी कळ आली की फेसाच्या हातांनी तिथेच खाली बसले. डावा पाय मुंग्यांनी भरून गेला. मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको. व्यायाम करा, आणि काही आठवडे कमरेला बेल्ट लावा. मालकीणबाई म्हणाल्या, "वाकता येत नसेल तर काउंटरवर बस, फोन घे." काउंटरवर! हातात कात्री नसेल तर मी कोण?

म्हणून दवाखान्याशेजारच्या त्या टेपवाल्याच्या दुकानात बेल्ट शिवायला टाकला. पाठीशी स्टीलच्या चार पट्ट्या. तो घातला, की मी वाकायचे.

आठवडे सरले, बेल्ट सुटेना. तो नसला की मी बेसिनपासून चार हात लांब राहायचे. व्यायाम शिकवणाऱ्या बाई ओरडायच्या, "पाठ बरी झालीये तुझी, काढ आता!" मी ऐकलं तर शपथ. उलट शिवण उसवली की त्याच्याकडे जायचे. शिवण जरा जास्तच उसवायची... तो मान खाली घालून टाके घालायचा, मध्येच वर बघून हसायचा, आणि मला उगाचच राग यायचा.

मग एके दिवशी मी बेल्ट धुवायला घेतला, तर त्याची टॉवेलसारखी घडी झाली. चाचपला. आत एकही पट्टी नव्हती.

तशीच तणतणत दुकानात गेले आणि बेल्ट त्याच्यासमोर आपटला. "पट्ट्या कुठायत?"

त्याने ड्रॉवर उघडला. चारही तिथे होत्या.

"दर दुरुस्तीला एक काढली," तो म्हणाला. "व्यायामाच्या बाई म्हणत होत्या, पाठ बरी आहे, भीती तेवढी उरलीये. पण काढण्याचा उद्योग माझाच."

"म्हणजे मी नुसतं फडकं बांधून वाकत होते? सगळ्यांसमोर? पाठ माझी आहे! मला विचारायचं होतंस!"

रागात मी 'तू'वर आले होते. बेल्ट घसरून जमिनीवर पडला. तो उचलेना, म्हणून मीच वाकून उचलला – पुन्हा आपटायला.

"वाकलात," तो हळूच म्हणाला.

"विषय बदलू नकोस!"

"नाही बदलत. चुकलंच माझं, विचारायला हवं होतं. पण... उसवलेली शिवण आणि कात्रीने कापलेली शिवण मला ओळखता येते. मी तरी कुठे काही बोललो?"

माझे कान तापले. आता तर मला दुप्पट राग आला, त्याचाही आणि माझाही.

"उद्या सलूनमध्ये ये," मी दरडावलं. "केस बघ काय वाढलेत ते!"

तो आला. बेसिनवर मान टाकून डोळे मिटून पडला. माझ्या कमरेला काहीही नव्हतं. काउंटरवरून मालकीणबाई बघत होत्या. मी वाकले... आणि कळ आली नाही.

"श्वास सोडा," तो डोळे न उघडता म्हणाला.

"गप्प पड."

"राग गेला?"

"नाही."

"मग एक सांगून टाकतो. शेवटची पट्टी काढताना हात जड झाला होता. वाटलं, आता तुम्ही कशाला याल? मला तर तुम्ही रोज हव्या आहात – भांडायलासुद्धा."

माझी बोटं त्याच्या केसांत थबकली. "मग आता परत यायला तू काय उसवणार?"

"तुम्हीच सांगा."

"काही उसवायचं नाही. सरळ यायचं. आणि माझ्याबद्दल काही ठरवायचं असेल तर आधी मला विचारायचं."

"विचारतो. संध्याकाळी येऊ?"

"ये," मी म्हणाले. पण राग अजून होताच, म्हणून पाणी जरा गारच सोडलं.